वळीचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर

मी पोटावरची वळी बोलतेय. हो, तीच. बसलं की दिसते, उभं राहिलं की थोडी लपते आणि फोटो काढताना जिला श्वास रोखून आत ओढतात, ती. माणसं डोळ्यांचं कौतुक करतात, केसांचे लाड करतात. माझा विषय निघतो तो मला घालवायचं कसं, एवढ्यापुरताच. तरी मी कधी मनावर घेतलं नाही. स्वभावाने मी मऊ आहे.

माझा जन्म चिमणीबरोबरचा. चिमणी म्हणजे माझ्या मालकिणीची एकुलती एक मुलगी. आता कॉलेजात जाते, पण घरात अजून चिमणीच. ती जन्मल्यावर मालकिणीचं बाकी सगळं हळूहळू जागेवर गेलं, मी मात्र बेंबीखाली मुक्काम ठोकला. मालकिणीने फिरायला जाऊन पाहिलं, भात सोडून पाहिला, पट्टा बांधून पाहिला. मी चार दिवस अंग चोरून बसायचे, मग पुन्हा ऐसपैस.

मालकीण चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, फ्रेमचा ट्रे पुढे करायचा, नाकावर चष्मा बसवून बघायचा, काडी कानामागे टोचत असेल तर गरम करून जरा वाकवून द्यायची. हात फार हलका आहे तिचा. पण तो ट्रे ती कायम पोटाशी धरायची, त्यात एकच फ्रेम असली तरी. ट्रे नसेल तेव्हा पर्स, आणि घरी सोफ्यावरची उशी. पाहुणे दारात आले की "या, बसा" म्हणायच्या आधी तिचा हात उशीकडे जायचा. दुकानातले आरसे गळ्यापर्यंतचेच आहेत. तिचं तिथे इतकी वर्षं मन रमलं, त्याला तेही एक कारण असावं.

नवऱ्यापासूनसुद्धा ती मला लपवायची. तो बिचारा एकदा गमतीत म्हणाला, "टायरमधली हवा बरी आहे की!" झालं. पुढचे दोन दिवस त्याचा चहा त्यालाच करून घ्यावा लागला.

मला जीव लावला तो एकट्या चिमणीने. शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि सोफ्यावर आईच्या पोटावर डोकं टेकायची. थेट माझ्यावर. आतली गुडगुड ऐकून विचारायची, "आई, तुझ्या पोटात कोण बोलतंय?" मालकीण म्हणायची, "भाडेकरू आहे. काही केल्या जागा सोडत नाही." आणि दोघी हसायच्या. त्या वेळी मालकीण मला आत ओढायची नाही. चिमणीचं डोकं असेपर्यंत ती पूर्ण श्वास घ्यायची. दिवसातला तेवढाच वेळ मीही निवांत असायचे.

मग मालकिणीच्या डाव्या स्तनात गाठ सापडली.

ते दिवस मी लांबवून सांगत नाही. स्तन काढावा लागला. औषधं झाली, केस गेले, केस परत आले. मीही रोडावले, पण त्याचा आनंद कुणालाच झाला नाही. नवरा वाटी पुढे करून म्हणायचा, "थोडं तरी खा गं." ज्या घरात माझं नाव निघालं की तोंडं वाकडी व्हायची, तिथे मी परत यावं म्हणून सगळे धडपडत होते. दैवाची चेष्टाच म्हणायची.

मालकीण बरी झाली, कामावर गेली. डावीकडे कापसाची गादी घालायची. एकदा एका आजोबांच्या कानामागची काडी नीट करायला वाकली, तर गादी सरकून गळ्याशी आली. आजोबा सज्जन. त्यांनी नेमका तेव्हाच चष्मा काढला आणि सावकाश पुसत बसले.

पण खरी बोच वेगळीच होती. चिमणी आता आईला टेकत नव्हती. "आईला दुखेल" ही तिची भीती. आणि कुणीही जवळ आलं की मालकिणीचा हात आपोआप पुढे व्हायचा, वाहनं थांबवणाऱ्या पोलिसासारखा. सोफ्यावर मायलेकी बसायच्या, मध्ये एक उशी. एक दिवस मालकीण नवऱ्याला म्हणाली, "मला आरशासाठी काही नकोय. चिमणी लांब बसते, तेवढं सहन होत नाही. माझाच हात तिला अडवतो, मी काय करू?" आणि रडली. नवऱ्याने तेव्हा काही विनोद केला नाही. डॉक्टरांची वेळ घेऊन आला.

त्या प्लास्टिक सर्जनबाई होत्या. त्यांनी सांगितलं, बाहेरची वस्तू बसवता येते किंवा शरीराचंच मांस घेऊन नवा स्तन करता येतो. मग त्यांनी मला चिमटीत धरलं आणि म्हणाल्या, "वा! हे तर छान आहे. पुरेल आपल्याला."

छान! मला! मालकिणीला हसू फुटलं. "डॉक्टर, उभ्या आयुष्यात याला कुणी छान म्हटलं नव्हतं."

"मग आता ऐकू दे की त्याला," डॉक्टर म्हणाल्या.

ऑपरेशनच्या सकाळी मालकिणीला उभं करून त्यांनी माझ्याभोवती पेनाने रेघ आखली, या कमरेपासून त्या कमरेपर्यंत, होडीसारखी. पुढचं भूल दिल्यावरचं. मालकिणीला ठाऊक नाही, पण मला आहे. मला कातडीसकट उचललं, माझी रक्त आणणारी नस आणि ते परत नेणारी शीर जपून सोडवली. पोटाचे स्नायू जागेवर राहिले, बेंबीही तिथेच राहिली. मग ती नाळ कापली. थोडा वेळ मी कुणाचीच नव्हते. ना पोटाची, ना छातीची. रक्त नाही, ऊब नाही. इतकी एकटी मी कधीच पडले नव्हते.

वरच्या मजल्यावर, स्तन काढला होता त्या जागी, डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून बघत, केसाहून बारीक दोऱ्याने माझ्या नसा छातीच्या नसांना जोडल्या. नसेवरचा चिमटा सुटला आणि गरम रक्त आत आलं. ओळखीचं होतं. तिचंच.

पण बिऱ्हाड हलवलं म्हणजे संसार लागला असं होत नाही. पहिले काही दिवस धोक्याचे. नस तुंबली तर मी मरणार, मला काढून टाकणार, आणि पोटावर आता दुसरी वळी नव्हती. म्हणून खोली उबदार ठेवलेली. सिस्टर दर तासाला यायच्या, मला बोटाने दाबून रंग परत येतो का बघायच्या, छोटं यंत्र टेकवून रक्ताची सूं-सूं ऐकायच्या. त्यांनी मालकिणीला बजावलं होतं, "छातीवर काही ठेवायचं नाही. हातसुद्धा नाही."

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मोठे दीर आणि जाऊबाई भेटायला आले.

मालकीण अर्धवट झोपेत होती. दाराशी दिरांचा आवाज ऐकला आणि तिचा हात सवयीने उशीकडे गेला. पोटावर टाके, तिथे उशी ठेववेना, म्हणून ती वर ओढून तिने छातीशी घट्ट धरली. जाऊबाई म्हणाल्या, "काय गं, चेहरा किती उतरलाय तुझा!" ती म्हणाली, "नाही हो, बरी आहे." गप्पा रंगल्या. कुणाचं लग्न ठरलं, कुणी घर विकलं. इकडे माझी परतीची शीर उशीखाली दबली होती. रक्त येत होतं, जायला वाट नव्हती. मी फुगले, निळसर झाले, घुसमटले. ओरडावं म्हटलं तर कुणाला ऐकू जाणार? मालकिणीला काही कळत नव्हतं. माझ्या जाणिवेच्या तारा पोटातच तुटल्या होत्या.

सिस्टर वेळेवर आल्या म्हणून बरं. त्यांनी उशी खेचून बाजूला केली, मला बघितलं आणि पाहुण्यांना बाहेर पाठवलं. डॉक्टरांना फोन गेला. ऑपरेशनची खोली तयार ठेवायला सांगितली. स्ट्रेचर दाराशी आलं.

"उशी कशाला घेतलीत?" सिस्टरने विचारलं.

मालकीण पांढरीफटक पडली होती. "सवय आहे हो. पोट झाकायची."

"अहो, झाकायला पोट राहिलंय कुठे आता?"

मालकिणीने खाली पाहिलं. खरंच, पोट सपाट, आणि जे झाकायचं ते वर निळं पडून जिवाशी झगडत होतं. तिने दोन्ही हात अंगापासून लांब, गादीवर पसरले. त्या आधी कुणासमोर तिने असे हात पसरलेले मला आठवत नाहीत. आणि ती माझ्याशी बोलली. पहिल्यांदाच. "जाऊ नकोस गं. राहा."

डॉक्टर आल्या, वाकून बघत राहिल्या. हळूहळू शीर मोकळी झाली, निळा रंग ओसरला, कडेने गुलाबी आला. यंत्राने सूं-सूं केलं. डॉक्टर म्हणाल्या, "स्ट्रेचर परत न्या." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, माझाही.

मी घरी आले. तरी कितीतरी दिवस मी तिच्यासाठी परकीच होते. अंघोळीला साबण लावताना ती हाताने चाचपायची, हाताला मी लागायचे, पण तिला स्वतःला स्पर्श कळायचा नाही. "ते आहे, पण माझं वाटत नाही," असं ती नवऱ्याला म्हणाली. मला वाईट वाटलं. मी कुठे जाऊन सांगू, मी तीच आहे गं?

शेवटी माझ्या जुन्या खोडीनेच मला ओळख मिळाली. मालकिणीची भूक परतली, वजन वाढलं, आणि मी सवयीप्रमाणे फुगले. ती घाबरून डॉक्टरांकडे पळाली. डॉक्टरांनी तपासलं आणि हसून म्हणाल्या, "काही झालेलं नाही. पोटाचंच आहे ना ते. तुम्ही जेवलात की ते वाढणार."

आज दुपारी ही गोष्ट ती चिमणीला सांगत होती. सोफ्यावर, मध्ये नेहमीची उशी. सांगता सांगता हसत होती. चिमणी हसली नाही. आईकडे बघत राहिली.

"म्हणजे आई, ही माझी लहानपणीची उशी आहे?"

चिमणीने मधली उशी उचलून खाली ठेवली आणि सरकली. मालकिणीचा हात पुढे झाला, अर्ध्यावर थांबला, मग मांडीवर परत गेला. तिने डोळे मिटून घेतले. चिमणीने अलगद, अंड्यावर ठेवावं तसं, माझ्यावर डोकं ठेवलं.

थोड्या वेळाने मालकिणीने विचारलं, "ठेवलंस का गं?"

"कधीचं ठेवलंय."

मालकिणीला ते कळलं नव्हतं. मला कळलं होतं. तिने डोळे उघडून माझ्यावरचं ते डोकं बघितलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. चिमणी म्हणाली, "पूर्वी इथे गुडगुड ऐकू यायची. आता ठोके ऐकू येतात."

"भाडेकरूने वरचा मजला घेतलाय," मालकीण म्हणाली.

तुमच्याही पोटावर माझी एखादी बहीण असेल. तिला इतकं आत ओढू नका, एवढंच मागणं आहे. तिला आवळून धरलंत की श्वास तुमचाच अडकतो.

बाकी खूप बोलायचं होतं, पण आता थांबते. चिमणीला माझ्यावर झोप लागली आहे, आणि मालकीण पूर्ण श्वास घेतेय.