शेवटच्या पानावरचं वाक्य

ते वाक्य आता कुठे नाही ते विचारा. शाळेच्या पुस्तकात आहे, पोस्टाच्या तिकिटावर आहे, दवाखान्याच्या भिंतीवर आहे. कोपऱ्यावरच्या कुलपं-किल्ल्या विकणाऱ्या माणसाने तर ते दुकानाच्या पाटीखालीच रंगवून घेतलंय : 'शेवटचं माणूस आत असेपर्यंत दार बंद होत नाही.' कुलपाच्या धंद्याला ते कितपत शोभतं, याचा विचार त्याने केलेला दिसत नाही.

बाईंना त्या वाक्याचा मनापासून कंटाळा आला होता.

बाई म्हणजे सभागृहातल्या निवृत्त लघुलेखिका. पन्नास वर्षांपूर्वी ज्या दुपारी सैन्य सभागृहात शिरलं, त्या दुपारी सभासदांचं बोलणं उतरवून घेणाऱ्यांपैकी आज हयात असलेल्या त्या एकट्याच. त्यामुळे दरवर्षी तो दिवस जवळ आला की फोन सुरू. वाक्य नक्की कुणाचं? कार्यवृत्तात सभापतींच्या नावाखाली छापलेलं. विरोधी पक्षवाले म्हणत, छे, आमच्या नेत्याचं. सभापतींची तर तोवर बोबडी वळली होती. एका कवीची पुतणी म्हणे, काकांच्या कवितेत ते आधीच होतं, फक्त ती कविता तेवढी सापडत नाही. बाई सगळ्यांना एकच सांगत, "कार्यवृत्तात आहे तेच." सहा वेळा तर त्यांनी तसं लिहून सही करून दिली होती.

आता पन्नासावं वर्ष, म्हणून सभागृहाच्या दारावर ते वाक्य दगडात कोरायचं ठरलं होतं, खाली नावासकट. त्यासाठी नेमलेल्या समितीला बाईंची सातवी सही हवी होती. कागद आठ दिवस टेबलावर पडून होता. पेन उचलायचंसुद्धा त्यांच्या जिवावर आलं होतं.

अशात एका सकाळी दरवानाची मुलगी आली.

दरवान म्हणजे त्या वेळी सभागृहाच्या मोठ्या दारावर असलेला माणूस. जाऊन बारा वर्षं झाली त्याला. मुलगी आता पंचावन्नच्या घरातली, कपडे शिवून देणारी. गळ्यातली मोजायची टेप काढायलाही विसरली होती. तीन जिने चढून आल्यामुळे आधी नुसतीच धापा टाकत बसली.

"मला दगडावर नाव नकोय, बाई," ती म्हणाली. "मला फक्त हो की नाही तेवढं सांगा. बाबा जन्मभर सांगत राहिले, ते मी बोललो म्हणून. गल्लीत त्यांना 'सभापती' म्हणून चिडवायचे. दाढी करायला गेले तरी 'या सभापती, बसा'. शेवटी शेवटी आईसुद्धा म्हणायला लागली, पुरे झालं आता. मीही हसलेय, बाई. माझ्या लग्नात त्यांनी व्याह्यांना सांगितलं, तेव्हा मी त्यांना कोपऱ्यात नेऊन गप्प केलं होतं. ते खोटं बोलत होते का?"

बाईंनी तोंड उघडलं. नेहमीचं उत्तर जिभेवर तयारच होतं, पन्नास वर्षांच्या सवयीचं. ते काही बाहेर पडेना.

कारण खरं काय ते बाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्या तेव्हा तेवीस वर्षांच्या. लघुलेखकांच्या पाच-पाच मिनिटांच्या पाळ्या असत. बाईंची पाळी संपायला आणि बूट वाजायला एकच गाठ पडली. पुढच्या पाळीचा गडी केव्हाच पसार झालेला, म्हणून त्या लिहीतच राहिल्या. सभापती शेवटचं काय बोलले, तर "कुणीतरी तो पंखा बंद करा, कागद उडतायत." मग त्यांना दोन सैनिकांनी धरून नेलं. सभागृह रिकामं झालं. बाई तेवढ्या मागे राहिल्या, कारण घाईत त्यांच्या पेन्सिली सांडल्या होत्या आणि पेन्सिली सरकारी होत्या. दारात एका सैनिकाने दरवानाला दार ओढून घ्यायला सांगितलं. दरवान म्हणाला, शेवटचं माणूस आत असेपर्यंत दार बंद होत नाही. रोज संध्याकाळी झाडूवालीला सांगायचा, त्याच आवाजात. सैनिकाने बंदुकीचा दस्ता त्याच्या खांद्यात घातला. दार उघडंच राहिलं. गुडघ्यावर बसलेल्या बाईंच्या हातात पेन्सिल होतीच. सवयीने त्यांनी ते वाक्य उतरवून घेतलं.

घोळ झाला तो दोन दिवसांनी, टंकलेखनाच्या वेळी. लघुलेखकांचा नियम पक्का : ज्याला सभागृहात बोलायचा हक्क आहे, त्याचंच बोलणं कागदावर येतं. बाकी सगळं 'व्यत्यय' म्हणून गाळायचं. दरवानाचं नाव त्या कागदावर चढणं शक्यच नव्हतं. आणि वाक्य गाळायला बाईंचा हात धजेना. म्हणून त्यांनी ते सभापतींच्या नावाखाली घातलं. पंख्याचं तेवढं गाळलं. तेवीस वर्षांच्या पोरीने चांगलं वाक्य वाया जाऊ नये म्हणून केलेला उद्योग. तो कागद चोरून बाहेर गेला, रातोरात छापला गेला आणि भिंतीभिंतींवर चिकटला. सभापती तुरुंगात वारले, ते हे वाक्य नावावर घेऊनच. आधी बाईंना नोकरीची भीती वाटली. मग राज्य बदललं, तेव्हा मेलेल्या माणसाकडून ते काढून घ्यायची लाज वाटली. त्यानंतर नुसता कंटाळा.

"नाही," बाई म्हणाल्या. "खोटं नव्हते बोलत. मी ऐकलंय. माझ्या वहीत आहे."

मुलीने टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बाईंना स्वतःची अतोनात शरम वाटली.

दुसऱ्याच दिवशी वही घेऊन त्या समितीपुढे गेल्या. लांब टेबल, पाण्याचे पेले, पाच माणसं. बाईंनी शेवटचं पान उघडून वाचून दाखवलं, पंख्यासकट. पंख्यावर कुणी हसलं नाही.

"पण बाई, हे वाचणार कोण?" अध्यक्षांनी वही उलटसुलट करून पाहिली. "सभागृहाच्या दप्तरातल्या तुमच्या वह्या आम्ही मागे एका जाणकाराला दाखवल्या होत्या. तो म्हणाला, या खुणा तुमच्या स्वतःच्या आहेत, दुसऱ्याला लागत नाहीत."

"सगळ्याच लघुलेखकांच्या होतात तशा. घाईत लिहिता लिहिता."

"म्हणजे तुम्ही म्हणाल ते." अध्यक्षांनी फाईल पुढे सरकवली. "आणि हे सहा कागदही तुम्हीच दिलेत. सहाही सह्या तुमच्याच ना?"

"माझ्याच. तेव्हा मी खोटं लिहून दिलं."

"तसं कशाला म्हणता? वयोमानाने होतं असं. आठवणी सरमिसळ होतात." आवाज इतका मऊ होता, की बाईंना ओरडावंसं वाटलं. "आम्ही पुस्तिकेत एक ओळ घालू. 'एक मत असेही आहे की' वगैरे. त्या कवीच्या ओळीखाली."

बाहेर पडताना, दारावर उभ्या असलेल्या हल्लीच्या दरवानाने त्यांना हात देऊन पायरी उतरवली. मागे आत कुणीतरी म्हणालं, "बिचाऱ्या." आता त्याही गल्लीतल्या सभापती झाल्या होत्या.

संध्याकाळी त्या दरवानाच्या मुलीच्या घरी गेल्या. खोली एकच, खिडकीशी शिवणयंत्र, दोरीवर उसवलेले कोट. बाईंनी काही न लपवता सगळं सांगितलं. वाक्य सभापतींच्या नावाखाली कुणी घातलं, तेही. मुलीने यंत्राचं चाक हाताने थांबवून धरलं होतं.

"तुम्ही?"

"मी. आणि सहा वेळा सहीही केली. तुमच्या बाबांना लोक हसत होते, ते माझ्यामुळे."

तिने चाक सोडलं. मग म्हणाली, "बाबा सांगायचे, आत एक मुलगी होती. सैन्य दारात, आणि ही बया पेन्सिली वेचत बसलीय. आम्हाला तेच सगळ्यात खोटं वाटायचं."

"सहा होत्या. एक सापडलीच नाही."

"म्हणजे तुम्हीच त्या?" मुलगी खुर्चीवरून अर्धवट उठली. "पण त्यांना ठाऊक होतं, तुम्ही कोण ते?"

बाईंनी 'नसावं' अशी मान हलवली. पुढची अठरा वर्षं रोज सकाळी त्याच दारातून त्या आत जात. दरवान दुखरा खांदा जरा खाली टाकून उभा असे. 'या बाई' म्हणे. बस्, तेवढंच. बाईंना वाटत आलं होतं, की त्याला त्या आठवत नाहीत. तसं वाटून घेणं सोयीचंही होतं.

"आई त्यांच्या मागे लागायची," मुलगी म्हणाली. "एवढं चिडवतात लोक, तर त्या मुलीला उभी करा ना चारचौघांत. बाबा म्हणायचे, कशाला? विचारलं तर तिची नोकरी जाईल. आई म्हणायची, मग तुम्हाला काय मिळालं?"

"मग?"

"मग म्हणायचे, ती बाहेर पडली ना? झालं तर."

बाई दोरीवरच्या कोटांकडे बघत बसल्या. थोड्या वेळाने मुलीने उठून चहाला आधण ठेवलं. घरात पेला एकच धड होता, तो तिने बाईंना दिला.