मीतजींचं नाव

मीताचं नाव घ्यायचं नसतं. बायको नवऱ्याचं घेत नाही, तसंच हे. देवापुढे जन्माच्या मैत्रीची गाठ बांधली, म्हणजे मीत लागलं, की तो ‘मीतजी’, त्याची बायको ‘मितिनी’, आणि त्यांच्या घरचं सुतक आपल्यालाही. मी वरचा, नेपाळच्या डोंगरपायथ्याचा, जातीने दनुवार. माझे मीतजी खालचे, बिहारमधल्या नदीच्या बांधाकाठचे मल्लाह, नावाडी. पण चेहरेपट्टी इतकी सारखी, की जत्रेत त्यांच्या बायकोने माझाच हात धरला, “चला आता घरी!” लोक हसून लोळले आणि तिथल्या तिथे आमचं मीत लावून मोकळे झाले.

नदीत रोवलेल्या पट्टीवर पाणी किती चढलं ते वाचायचं, ही माझी सरकारी नोकरी. बावीस वर्षं मी आकडा आधी वहीत लिहिला आणि मग मीतजींना फोन केला.

“मीतजी, तीन मीटर साठ.”

“तुमच्या डोंगराला पुन्हा जुलाब लागले वाटतं! म्हणजे संध्याकाळी पाणी माझ्या आंब्यापाशी. जेवण लवकर उरकतो.”

आणि पाणी संध्याकाळी आंब्यापाशी यायचंच.

दोन वर्षांपूर्वी राजधानीतून सृजना मॅडम आल्या. वर पाऊस किती, पट्टीवर पाणी किती, खाली बांध कुठे कच्चा, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये घालायचं, की कुठल्या गावात किती वाजता पाणी शिरेल ते त्यातलं ‘मॉडेल’ सांगणार. नदी दोन देशांची, तर अंदाजही दोघांनी मिळून बांधायचा, असा करार झाला होता. मॅडमनी मीतजींकडून फोनवर तीन दिवस, पाणी कुठे कधी पोचतं त्या सगळ्या वेळा उतरवून घेतल्या. माझं नाव कमान, आणि दाजू म्हणजे आमच्याकडे दादा. म्हणाल्या, “कमान दाजू, तुमचे मीतजी म्हणजे आमच्या मॉडेलचे गुरुजी.”

मी ते मीतजींना कळवलं. म्हणाले, “मग गुरुदक्षिणेत दोन दिवस पाऊस थांबव म्हणावं पोरीला.”

गेल्या वर्षी मी मीतजींना फोन केला, त्यांचं अख्खं गाव शेळ्या घेऊन बांधावर जाऊन बसलं, आणि पाणी भलतीकडेच वळलं. कोणीतरी अफवेची तक्रार केली. वरून कागद आला: आकडा खासगीत कोणाला सांगायचा नाही, तो ठरलेल्या वाटेनेच जाईल. मी सही केली. मीतजींना तसं सांगितलं, तर ते हसले.

“सही केलीत, बरं केलंत. पण खरंच पाणी आलं तर तुमच्याच्याने गप्प बसवेल? मी काय ओळखत नाही तुम्हाला?”

साउन महिन्यातला, म्हणजे श्रावणातला, शनिवार. सकाळी सहाला पट्टीवर चार मीटर चाळीस. इतकं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मॉडेलने सांगितलं, मीतजींच्या गावाचा बांध दुपारी तीनला जाईल. मॅडमचा फोन आला, “दाजू, माझ्याकडून निरोप पुढे गेला.”

फोन हातात होता. पहिला नंबर मीतजींचाच. मी लावला नाही. खोटं कशाला बोलू, नोकरीला भ्यालो. शिवाय वाटलं, एवढी यंत्रं, एवढे साहेब, ते सांगतीलच, आपण कोण? दिवसभर तीनदा फोन उचलला आणि तीनदा खाली ठेवला.

आमच्याकडे शनिवारी कचेरी बंद. सही करणारे साहेब रविवारी आले. रविवारी पलीकडची कचेरी बंद. निरोप जिल्ह्याला पोचला सोमवारी. मॅडम फोनवर ढसाढसा रडत होत्या. “दहा मिनिटंसुद्धा चुकलं नाही हो आपलं मॉडेल!”

बांध शनिवारी तीनलाच फुटला होता.

बुधवारी मी सरहद्द ओलांडून गेलो. उरलेल्या बांधावर ताडपत्र्यांची रांग होती. लांबून मला पाहून मितिनी ताडकन उठल्या, डोक्यावर पदर ओढत चार पावलं धावत आल्या. मग थबकल्या.

“मीतजी तुम्ही होय,” म्हणाल्या आणि तिथेच चिखलात बसल्या.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे सांगत होत्या, “लोक म्हणत होते, बांधावर जाऊ. हे म्हणाले, मीतजींचा फोन नाही, म्हणजे पाणी नाही. कागदबिगद काही असो, माझा मीत गप्प बसणारा नव्हे. शेळ्यांना चारा घातला आणि जेवायला बसले. मला म्हणाले, तू जा, शेजारच्या म्हातारीला पोचवून ये बांधावर, तिला उगाच धास्ती लागलीय. म्हणून मी वाचले.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढ्यात यादीवाला कारकून आला. “मयताचं नाव?”

मितिनींनी मान खाली घातली.

“बाई, नाव सांगा. मागे माणसं खोळंबलीत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी ते नाव उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. मीही नाही. बोलायचं होतं तेव्हा मी तोंड शिवून बसलो होतो. आता तोंड उघडलं.

“बिलट मुखिया.”

“ऐकू नाही आलं,” कारकून म्हणाला. “मोठ्याने सांगा.”

मी मोठ्याने सांगितलं.