आभाच्या खेळातलं वाळवंट

मी एक वाळवंट बोलतोय. भूगोलाच्या पुस्तकात मला शोधू नका, सापडणार नाही. माझा जन्म यवतमाळच्या एका घरात, वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरमध्ये झाला. पण पसारा मोठा! या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला खेळाडूला चाळीस मिनिटं लागतात.

मला घडवलं आभा आणि तिचा धाकटा भाऊ श्रेयस यांनी. त्यांच्या व्हिडिओ गेममध्ये माणूस रिकाम्या हातानं अनोळखी मुलखात येतो आणि मिळेल त्यावर जगतो. जंगल, नदी, डोंगर आधी झाले. मी आलो शेवटी, घाईघाईत. श्रेयसनं वाळूची एकच टेकडी बनवली आणि तीच तीनशे वेळा मांडली. झालं वाळवंट!

खरं सांगतो, माझा मलाच कंटाळा यायचा. गेम खेळून बघायला मित्रमंडळी यायची. जंगलात तास तास रमायची, माझ्यात शिरली की नाकासमोर पळत सुटायची. एकानं तर पळण्याचं बटण दाबून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं निवांत चहा प्यायला.

"ताई, उडवून टाकू याला," श्रेयस म्हणाला. "कोणी थांबतच नाही तिथं."

"आठ दिवस थांब," आभा म्हणाली. माझा जीव टांगणीला लागला.

दुसऱ्या दिवशी ती कळंबजवळ, आईच्या मैत्रिणीच्या, विमलताईंच्या शेतावर गेली. मे महिना होता. कापूस, तूर कधीच निघून रानं मोकळी झाली होती. परतली ती चारशे फोटो आणि विमलताईंचा फोनमध्ये भरलेला आवाज घेऊन. तो मीही ऐकला.

"कायले उन्हात हिंडून राह्यली, पोरी?"

"कोरडी जमीन बघतेय, मावशी."

"कोणती? भेगांची, मुरमाची, का नाल्यातल्या रेतीची? कोरडं काय एकाच जातीचं असते? अन् कोरडं म्हणजे मेलेलं नाई. नाल्याच्या वळणावर हातभर खणून पाह्य, पाणी लागते. रानडुकरालेही ठावं हाये ते."

मग माझं नशीबच पालटलं. आभानं मला भेगाळलेली काळी जमीन दिली, लाल मुरमाचं पठार दिलं, मिठासारखं पांढरं मैदान आणि सावलीची खोल घळ दिली. एक आटलेली नदीही दिली. सकाळी मी जांभळा दिसू लागलो, दुपारी डोळे दिपवणारा. आरशात बघावं तसं मी स्वतःला बघत राहिलो!

आठव्या दिवशी विमलताई आणि त्यांची नात खुशी घरी आल्या. खुशी खेळायला बसली. घळ बघ, पठारावर चढ, असं करता करता तिच्या खेळाडूचा घसा कोरडा पडला. पडद्यावरची तहानेची खूण लाल झाली. आता हा मरणार, आणि त्याच्याबरोबर मीही!

"आज्जी, संपलं माह्यं पाणी!"

विमलताईंनी जन्मात गेम पाहिला नव्हता. त्या खुर्चीवरून उठल्याच. "अवं, नदीत उतर! वळणावर खण!"

खुशीनं खणलं. ओली रेती लागली, अन् मग चकाकतं पाणी. खोलीत असा गलका झाला की खालून आई धावत आली.

श्रेयस खुशीजवळ जाऊन म्हणाला, "सरक ना जराशी. त्या घळीच्या मागं काय आहे, मले पाहू दे."

खाली जेवणं थंड झाली.

आता गेम लोकांच्या फोनवर पोचलाय. ढाणकीच्या एका मुलीनं माझ्या पठारावर दगडांचं घर बांधलंय. कोणी पांढऱ्या मैदानावर आपलं नाव लिहून जातं. काल तर एक जण आला आणि लाल मुरमावर नुसता बसला. शिकार नाही, काम नाही. समोर सूर्य बुडत होता. मीही वारा जरा हळू सोडला.

तुम्हीही या की कधी. असेच बसा. जागा भरपूर आहे.