मामांची रजा

मामा घरी आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर प्लास्टरची पांढरी पूड तशीच होती. हाडांच्या दवाखान्यात मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायचं काम त्यांचं. हिवाळा आला की जीव नकोसा व्हायचा. माणसं हौसेने डोंगरावर स्कीइंगला जायची, ती जाताना पायांनी आणि येताना स्ट्रेचरवरून. दिवसभर वाकून वाकून मामांच्या कमरेचा पार भुगा झालेला असायचा.

दवाखान्यात सगळे त्यांना मामा म्हणायचे, आणि म्हणता म्हणता मामा बनवायचेही. कुणाची सासू आजारी, कुणाच्या मेहुण्याचं लग्न, की मामांनी आपली रजा सोडलीच म्हणून समजा. सोडतील नाही तर काय करतील? ‘नाही’ हा शब्द त्यांच्या घशाच्या वर कधी आलाच नाही. दर हिवाळ्यात मामांची बायको आणि लेक डोंगरावरच्या रिसॉर्टला जायच्या, आणि दर हिवाळ्यात मामांचं आयत्या वेळी रद्द व्हायचं.

पण आज मामांच्या पोटात एक गोष्ट होती. सकाळी त्यांनी घोटभर पाणी प्यायलं, देवाचं नाव घेतलं आणि इन्चार्ज बाईंकडे रजा मागितली. बाई इतक्या चकित झाल्या की हो म्हणून बसल्या. या खेपेला जायलाच हवं होतं. डोंगरावरून परतली की लेक नोकरीसाठी दूरदेशी निघणार होती. मग घरात हिवाळा आला काय नि गेला काय!

मायलेकी जेवणाच्या टेबलाशी बसून सहलीचं ठरवत होत्या. लेक मोबाइलवर आईला उतार दाखवत होती, हा सोपा, हा अवघड, इथे पाळण्यातून वर जायचं. आई म्हणत होती, "मला बाई खिडकीशी खुर्ची असली की झालं. तू पड, मी बघते."

लेकीच्या पायात स्कीचे बूट होते, कुणाचे तरी वापरलेले, पण चांगले बघून विकत घेतलेले. मामा टेकलेसुद्धा नाहीत. तसेच तिच्यासमोर जमिनीवर बसले, बुटाच्या काठातून बोट आत घालायला लागले. बोट काही जाईना.

"मुंग्या येतात का?"

"नाही, बाबा."

"बोटं हलव. हलतात?"

"अरे बाबा, मी काय पेशंट आहे का?"

"फार घट्ट आहे गं हे. रक्त थांबेल." आणि तिने पाय ओढून घ्यायच्या आत मामांनी एकेक बकल सैल करून टाकलं. बोट आत गेलं तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

लेक हसायला लागली. "बाबा, हा बूट आहे, प्लास्टर नाही! हा घट्टच लागतो. पाय आत हलला तर स्कीवर ताबाच राहत नाही. तू माझा पाय मोडायचीच तयारी केलीस."

मामा ओशाळले. जन्मभर घट्ट म्हणजे धोका एवढंच शिकलेला माणूस! त्यांनी बकलं पुन्हा लावायला घेतली, आणि खाली मान घालूनच सांगून टाकलं, "या वेळी मीही येतोय. रजा मिळाली."

मामांना वाटलं, दोघी आनंदाने हरखून जातील. त्यांनी वर बघितलं. आनंद नव्हता.

"अहो, खोली दोघींचीच घेतलीय," बायको हळूच म्हणाली. "आता दुसरी मिळायची नाही."

"मला विचारायचं तरी."

"दर वर्षी विचारतोच की, बाबा," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट. "दर वर्षी तू हो म्हणतोस आणि तिथे तुझा पलंग रिकामा राहतो. त्याच्याकडे बघत झोपायचा कंटाळा आला मला. म्हणून या वेळी तुला धरलंच नाही."

मामांना फार लागलं. पण रागवायचं तरी कुणावर? पोरगी खरं बोलत होती. "मी खाली झोपेन," ते म्हणाले. "वर्षभर उभाच असतो. मला आडवं व्हायला मिळालं तरी पुष्कळ."

"पलंग जोडून घेऊ," बायको म्हणाली. "मावू तिघं. पण याल ना नक्की?"

एवढ्यात मामांचा फोन वाजला. इन्चार्ज बाई. कशासाठी ते फोन न उचलताही तिघांना कळलं. बायकोने सुस्कारा सोडला आणि ताटं घ्यायला उठली. लेकीने मोबाइल उलटा ठेवला. तिच्या चेहऱ्यावर रागही नव्हता, नुसती सवय होती.

मामांनी फोन हातात घेतला. ‘हो बाई, येतो बाई,’ जिभेवर आलंच होतं. त्यांनी फोन तसाच वाजता लेकीपुढे धरला.

"तू बोल," ते म्हणाले. "मला नाही म्हणता येत नाही गं."

लेकीने फोन घेतला. "बाबा रजेवर आहेत. हो, मुलगी बोलतेय. नाही, नाही जमणार. नाही. आमच्याबरोबर येतायत ते." बराच वेळ पलीकडून आवाज येत राहिला. लेकीने ऐकून घेतलं, पुन्हा एकदा नाही म्हटलं आणि फोन ठेवला.

मामा तिचा बूट धरून जमिनीवरच बसले होते.

"रागावल्या का गं?"

"खूप."

"बरं," मामा म्हणाले आणि उरलेलं बकल घट्ट लावलं. "रागावू देत."