चांगलं पाणी

धाकटी बारा गावचं पाणी प्यालेली नव्हती, पण बाटल्यांत भरून मात्र तिनं ते आणलं होतं. जमिनीखाली युरेनियम कुठं दडलंय, याचा माग काढणं हे तिचं काम. विहिरींचं पाणी गाळून घ्यायचं, ओढ्यांच्या तळचा गाळ चाळायचा आणि सगळं प्रयोगशाळेत धाडायचं. तिथली भाषा मात्र उफराटी. ज्या पाण्यात युरेनियम जास्त, ते 'चांगलं'. ज्यात काहीच नाही, ते 'फुकट गेलं'.

ताईचं घर वाटेवरच होतं, म्हणून तिच्या परसातल्या विहिरीचंही पाणी धाकटीनं घेतलं. निकाल कळला तेव्हा ती गाडीत होती. सोबतचे सहकारी टाळ्या पिटत होते, तेवढ्यात ताईचा फोन आला.

"काय गं, आमच्या पाण्याचं काय झालं?"

"एकदम चांगलं आहे ताई! सगळ्यांत चांगलं तुझंच!"

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. मग ओढ्यामागून ओढे चाळताना आपण काय बोललो, हे ती साफ विसरली.

पावसाळा सरल्यावर ती ताईकडे गेली. भावोजी आतल्या खोलीत पडून होते. तोंड सुजलेलं, तरी थट्टा सुटली नव्हती. "या मेहुणीबाई! तुमच्या शिक्क्याचं पाणी पितोय, थेंब वाया घालवत नाही."

धाकटी घाईनं स्वयंपाकघरात आली. "यांना काय झालंय?"

"मूत्रपिंडं निकामी होत चाललीत," ताई पेला विसळत म्हणाली. "आधी नुसता मुतखडा होता. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी पाजा. नळाला गढूळ यायचं, तू म्हणालीस म्हणून विहिरीचं सुरू केलं. रोज माझ्या हातानं शेंदून पाजते."

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. गप्प बसावं, कुणाला कळणार आहे, असं क्षणभर वाटलं, आणि त्या वाटण्याचीच तिला शिसारी आली.

"ताई, ते पाणी प्यायचं नाही गं. विषारी आहे. चांगलं म्हणजे... आमच्या कामाला चांगलं."

ताईनं पेला ओट्यावर ठेवला.

"तुमच्या कामाला," ती म्हणाली. "आणि फोन कुणी केला होता गं? तुझ्या साहेबानं, की मी?"

 धाकटी रडायला लागली, पण ताईनं तिला जवळ घेतलं नाही.

आतून भावोजींनी पाणी मागितलं. दोघीही जागच्या हलल्या नाहीत.