शेवटची अकरा पानं

मी ग्रंथालयातली एक जुनी कादंबरी बोलतेय. एक जमीनदार शेजारणीची विहीर मागतो आणि ती बाई त्याला काय उत्तर देते, एवढीच माझी गोष्ट.

माझे सगळ्यात मोठे चाहते म्हणजे एक प्राध्यापक. 'साहित्यातील लोभ' हा त्यांचा हक्काचा विषय. दुसऱ्या कोणी मला नेऊ नये म्हणून ते मला बागकामाच्या पुस्तकांमागे दडवून ठेवत. एवढा जीव माझ्यावर कोणी लावला नव्हता. मग त्यांचं व्याख्यान ठरलं, आणि माझी शेवटची अकरा पानं त्यांनी ब्लेडने कापून नेली. काम मात्र सफाईदार होतं.

गुलाबाच्या कलमांचं पुस्तक शोधताना मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या हाती लागले. त्यांचा दीर त्यांची मशीनची खोली मागत होता. त्याच्या स्वतःच्या दोन खोल्या कुलूप लावून पडलेल्या. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. बाई कपडे बेतता बेतता मला वाचत होत्या. शेजारणीने बोलायला तोंड उघडलं, आणि पुढे थेट पुठ्ठा.

"अगं, काय म्हणाली ती?" बाईंनी मलाच विचारलं. मी कुठून सांगणार?

शनिवारी ग्रंथालयातच सरांचं व्याख्यान होतं. बाई मला पिशवीत घेऊन मागे बसल्या. सरांनी माझीच कापलेली पानं हातात धरून शेवट वाचला. शेजारीण एवढंच म्हणते, "नाही देणार." त्या दोन शब्दांवर सर पाऊण तास बोलले. लोभ कसा सोडावा हेही त्यांनी सांगितलं. मी पिशवीत रागाने धुमसत होते.

व्याख्यान संपल्यावर बाईंनी पानं परत मागितली.

"मूळ पानं मला अभ्यासाला लागतात," सर म्हणाले. "तुम्हाला झेरॉक्स देतो."

केवढं हे औदार्य!

सोमवारी दीर आला तेव्हा मी मशीनवरच होते. बाई म्हणाल्या, "भाऊजी, खोली नाही देणार." त्याने गरज सांगितली, नातं काढलं, गेलेल्या मोठ्या भावाची आठवण काढली. बाई पुन्हा तेच म्हणाल्या. तो गेला. मग सुईत निळा दोरा ओवून त्यांनी झेरॉक्सची पानं मला शिवली, पुढच्या माणसाचं अडू नये म्हणून. मला फार बरं वाटलं.

झेरॉक्सवर सरांची पेन्सिलही उमटली आहे. 'नाही देणार'च्या शेजारी लिहिलंय, 'इथे थांबून श्रोत्यांकडे पाहावे.'

परवा सर ग्रंथालयात आले, माझी निळी शिवण त्यांनी कौतुकाने न्याहाळली आणि मला पुन्हा जुन्या जागी दडवलं. तेव्हा मी कपाटात दिसले नाही तर निराश होऊ नका, गुलाबाच्या पुस्तकांमागे बघा. बाईसुद्धा दर शनिवारी आधी तिथेच बघतात.