गोड्या पाण्याची धार

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि समजा, की तुम्हाला डोळेच नाहीत, डोकेही नाही. आहे ते शर्टाच्या बटणाएवढे अंग आणि त्याला फुटलेले पाच लांब, वळवळते हात. झालात तुम्ही माझ्यासारखे. मी एक म्हातारा भंगुरतारा, तारामाशाचा भाऊबंद. उथळ समुद्रात दगडाखाली दडायचे आणि हात बाहेर काढून वाहत येणारे कण टिपायचे, यात माझे आयुष्य गेले. खेकड्याने हात धरलाच, तर तो त्याला देऊन मी सटकतो. काही महिन्यांत नवा फुटतो.

एका ओहोटीला जाळी दुरुस्त करणाऱ्या बाईंची मुलगी आली. तिने मला समुद्राच्या पाण्यासकट बरणीत घेतले आणि घरी खिडकीत ठेवले. मनाने वाईट नव्हती हो ती. पण ऊन चढले, पाणी कोमट झाले, माझा जीव घुसमटला. मी एक हात सोडून दिला.

"आई, याचा हात तुटला. मी काही केलं नाही हं."

"गोडं पाणी घाल त्याच्यावर," जाळ्यातून मान वर न करता आई म्हणाली. "मीठ धुतलं की जाळंसुद्धा टिकतं."

मित्रांनो, जाळ्याला जे तारते, ते आम्हाला मारते. पण हे सांगणार कसे? मला तोंड आहे, ते फक्त खाण्यापुरते.

तांब्या तिरका झाला. धार अंगावर आली आणि माझा दुसरा हात गळाला. मग तिसरा.

"आई, जास्तच तुटतोय हा."

"मग अजून घाल. तुझं नेहमी अर्धवट काम."

मुलीने तांब्या उचलला, पण ओतला नाही. बरणीत बोट बुडवून तिने जिभेला लावले. "हे खारट लागतच नाही. हा तर खाऱ्यातला आहे ना?"

आईच्या हातातली सुई थांबली. "अगं बाई, जन्म गेला माझा समुद्राकाठी, तरी हे सुचलं नाही. पळ, समुद्रावर पळ तू. आणि बरणीवर सावली धर."

बाळांनो, आम्हाला जरूर पाहा, पण आमच्या घरी येऊन पाहा.

मुलगी अनवाणीच धावली. भरती चढत होती. तिने मला ओतून दिले नाही. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिने बरणी आडवी बुडवली आणि मी उरलेल्या दोन हातांनी सरपटत बाहेर पडेपर्यंत ती जागची हलली नाही.